नव्या रंगाची जुनी सायकल

मार्चमध्ये मला भिशी लागली. आमची भिशी लिलावाची नाही, चिठ्ठीची. शाळेतल्या आणि गल्लीतल्या मिळून पंधरा बायका, दरमहा हजार रुपये. पंधरा हजार हातात आले तेव्हा घरात त्यांच्यावर तीन दावेदार आधीच बसलेले होते: वॉशिंग मशीन, मागच्या खोलीचं गळकं छत आणि दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली लेक. छताचं काम मुलीच्या अब्बांनी दिवाळीनंतर करू म्हणून पुढे ढकललं. वॉशिंग मशीनचा दावा माझाच होता, म्हणून तो सर्वांत आधी फेटाळला गेला. उरली लेक. तिला रोड बाईक हवी होती.

रोड बाईक म्हणजे ती वाकड्या हँडलची, अरुंद टायरची, हलकी सायकल. पहाटे रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्याच्या रस्त्यावर हेल्मेट घातलेली मंडळी ज्यावर वाकून बसलेली दिसतात ती. लेकीनं दोन वर्षं साध्या लेडीज सायकलवर शाळा केली होती. पण आपल्याच जिल्ह्यातल्या इंगळीची पूजा दानोळे २०२० साली गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धेत सायकलिंगची सुवर्णपदकं घेऊन आली, ती बातमी हिनं प्राथमिक शाळेत असताना कापून वहीत चिकटवलेली होती. ज्युनिअर कॉलेजला गेल्यावर शालेय स्पर्धांत एकोणीस वर्षांखालच्या गटात उतरायचं, एवढं तिनं मनाशी ठरवलं होतं. आम्हाला सांगितलं ते परीक्षा संपल्यावर.

नवी रोड बाईक बघायला गेलो. साध्यातली साधीही आमच्या पंधरा हजारांच्या खूप वर होती, आणि गिअर जरा बरे हवेत म्हटलं की आकडा चाळीस हजारांकडे सरकायचा. दुकानदार हप्त्यांवर घ्या म्हणाले, व्याज शून्य. कागद वाचल्यावर प्रोसेसिंग फी आणि उशीर झाल्यास दंड अशी कलमं निघाली. आमच्या घरात सूद या शब्दाच्या जवळपासही कोणी जात नाही, त्यामुळे ती बोलणी तिथंच थांबली. जुनी घ्यायची ठरलं.

मोबाईलवरच्या जाहिरातीतून शहरातलीच एक मिळाली. ९,००० रुपये, ॲल्युमिनियमची फ्रेम, टायर जवळजवळ नवे आणि रंग तर असा झळझळीत लाल की लेकीनं दुसरं काही पाहिलंच नाही. खरं सांगायचं तर मीही पाहिलं नाही. मी शिक्षिका आहे, वहीचं कव्हर छान असलं की आतलं अक्षरही छान असेल असं मला अजून वाटतं. मुलीच्या अब्बांनी ब्रेक दाबून पाहिले, घंटी वाजवून पाहिली आणि पैसे मोजले.

दीड महिन्यात सायकल बोलू लागली. चढावर जोर दिला की पायडलजवळून कट् कट् असा आवाज. आम्ही तेल घातलं. आवाज गेला नाही. मेच्या शेवटी लेक पन्हाळ्याला निघाली आणि वाघबीळच्या पुढे चढ सुरू झाल्यावर परत फिरली. म्हणाली, "अम्मी, खाली काहीतरी हलतंय." मिस्त्रींनी सायकल उलटी केली, पायडलचा आस जिथं बसतो तिथली माती पुसली आणि खिशातल्या बॅटरीचा उजेड टाकला. खालच्या दांड्याच्या वेल्डिंगजवळ केसासारखी एक रेघ होती. त्यांनी नखानं रंग खरवडला तशी रेघ लांबली.

"बाई, तडा आहे. रंग मागनं मारलेला आहे बघा. इकडं स्टिकरवरसुद्धा रंग उडालाय."

कोल्हापूरकरांना अशा वेळी एकच गाव आठवतं: उद्यमनगर. तिथं जोडून मिळत नाही असं काही नसतं. आम्ही फ्रेम घेऊन गेलो. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करणाऱ्या कारागिरानं ती हातात घेऊन फिरवली आणि म्हणाला, "जोडून देतो. दिसणारसुद्धा नाही. पण पोरीला यावर बसवू नका." मग त्यानं समजावलं ते मला त्याच्याइतक्या सोप्या भाषेत सांगता येईल की नाही कोण जाणे. लोखंडाची फ्रेम असती तर जोड देऊन बरीच वर्षं चालली असती. पण सायकलीच्या ॲल्युमिनियमला कारखान्यात भट्टीत तापवून, थंड करून मजबुती आणलेली असते. पुन्हा वेल्डिंग केलं की त्या जागेच्या आजूबाजूची मजबुती उतरते, आणि ती परत आणायची तर सगळी फ्रेम पुन्हा भट्टीत घालावी लागते. एका सायकलीसाठी ते कोणी करत नाही. तडा मग जोडाच्या शेजारून नव्यानं चालू होतो, आणि ॲल्युमिनियम फार इशारा न देता तुटतं. त्यानं पैसे घेतले नाहीत. चहा पाजून पाठवलं.

एवढं शिकायला आम्हाला ९,००० लागले. तुम्हाला लागू नयेत म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहिते.

जुन्या रोड बाईकमध्ये तुम्ही खरं तर दोनच गोष्टी विकत घेता: फ्रेम आणि तिचं माप. बाकी सगळं बदलता येतं. आमचे मिस्त्री म्हणतात, "फ्रेम चांगली असंल तर सायकल उभी राहतीया, बाकी सगळं मिळतंय की." म्हणून सायकल बघायला दिवसा उजेडी जा आणि ओलं फडकं सोबत न्या. मातीखाली तडे लपतात. हँडलच्या खाली जिथं दोन दांडे एकत्र येतात तिथं आधी बघा. खालच्या दांड्याच्या पोटाशी बोट फिरवल्यावर सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. तिथून तसंच परत या. मग पायडलचा आस, मग मागच्या चाकाचे दोन्ही चिमटे, मग सीटचा दांडा जिथं शिरतो ती जागा. पुढचा चिमटा बाजूनं पाहा, मागं ढकललेला तर नाही ना. जुन्या सायकलीचा रंग अगदी नवा असेल तर कारण विचारा. कारण खरंही असू शकतं, पण विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

कार्बनची फ्रेम स्वस्तात मिळतेय म्हणून कोणी हुरळून जाऊ नये. कार्बनला आतून इजा झालेली वरून दिसत नाही. नाण्यानं टकटक करून आवाज ऐकायची पद्धत आहे. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, बिघडलेल्या जागी बोदा. पण तो फरक ओळखणारा कान लागतो. पंधरा हजारांत कार्बन मिळत असेल तर ते का मिळतंय, याचा विचार बाकी सगळ्याच्या आधी करावा. आपल्या खिशाला ॲल्युमिनियम किंवा चांगलं लोखंड बरं.

माप. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक वर सरकवून घट्ट धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. आम्ही शाळेचं जुनं हजेरीपत्रक वापरलं. लेकीचं अंतर ७३ सेंटिमीटर भरलं. त्याला ०.६६ नं गुणलं की ४८ येतं, म्हणजे ४८ च्या आसपासची फ्रेम. आमची लाल सायकल ५४ ची होती. तडा नसता तरी ती हिच्यासाठी चुकीचीच होती, आणि मान दुखते म्हणून ही जी तक्रार करायची ती आम्ही लाडात धरत होतो. हल्ली वरचा दांडा मागं उतरता असतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर न जाता बसून बघावं: हात हँडलवर टेकल्यावर कोपर किंचित वाकलेलं असायला हवं, ताणलेलं नाही. थोडाफार फरक हँडलची मान बदलून एक-दोन सेंटिमीटरनं भरून काढता येतो. सहा सेंटिमीटरचा नाही. "पोर वाढेल, मोठीच घेऊ" हे आपण कपड्यांत आणि चपलांत करतो. सायकलीत करू नये.

आता माझ्या आवडीची तपासणी. शाळेची बारा इंची पट्टी घ्या, शक्यतो स्टीलची. सायकलीच्या चेनमध्ये एका पिनेपासून मधली एक सोडून पुढच्या पिनेपर्यंत, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून, बरोबर एक इंच असतो. पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. नव्या चेनमध्ये बाराव्या इंचावर पिनेचा मध्यच येतो. तो मध्य बाराच्या पुढे सोळावा भाग इंच, म्हणजे दीड मिलिमीटर, सरकला असेल तर चेन बदलायला झाली आहे. आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटर, सरकला असेल तर चेनबरोबर मागचे दातेही गेलेत असं धरा आणि तेवढे पैसे भावातून कमी करा. विकणाऱ्यासमोर कंपासपेटी उघडून पट्टी काढली की त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघण्यासारखं असतं.

चाक उचलून फिरवा. ब्रेकच्या रबरांमधून फिरताना ते डावी-उजवीकडे हेलकावे खात असेल तर आउट आहे. थोडं आउट मिस्त्री काढून देतात, त्याची चिंता नको. रिमच्या कडेवर, जिथं ब्रेक घासतो, बोट फिरवा. खोलगट लागली तर रिम झिजून पातळ झालीय. ती बदलावीच लागते. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर तिथं प्ले आहे. दोन्ही क्रँक धरून आडवं हलवा. तिथं प्ले असेल तर आसाचे बेअरिंग गेलेत. या दोन्ही दुरुस्त्या होतात, फक्त भाव ठरायच्या आधी कळायला हव्यात.

गिअरच्या नावांनी घाबरायला होतं, पण त्यात समजायला फारसं नाही. बहुतेक सायकलींवर शिमानो या जपानी कंपनीचे गिअर असतात. त्यात टुर्नी सगळ्यांत साधे, मग क्लॅरिस, सोरा, टियाग्रा आणि १०५ असे चढत जातात. शिकणाऱ्याला क्लॅरिस पुष्कळ. आपल्या भागासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे: सर्वांत हलका गिअर किती हलका. पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर, पण सुमारे ४०० मीटर उंच. पुढचं लहान चक्र ३४ दात्यांचं आणि मागचं सर्वांत मोठं २८ किंवा ३२ चं असेल तर चढ चढता येतो. शर्यतवाल्यांच्या जुन्या सायकलींना पुढचं लहान चक्र ३९ चं असतं. ती सपाटीला गोड चालते आणि वाघबीळच्या पुढे रडवते. टायर शक्यतो २८ मिलिमीटरचे बसतात का बघा. आपल्या रस्त्यांना २३ चे टायर म्हणजे पंक्चरवाल्याशी मासिक भिशीच. आणि या सायकलींचा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा बारीक असतो, त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातला पंप लागत नाही. पितळेचं एक छोटं अडॅप्टर मिळतं, ते कायम पाऊचमध्ये असू द्या.

भावाचं सांगायचं तर विकणारा त्याचं जुनं बिल दाखवून "इतक्याला घेतली होती" म्हणणार. आधी त्याच जातीच्या सायकलीचा आजचा भाव विचारून जा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या बिलाचा आकडा जसाच्या तसा धरायचं कारण नाही. बिल मात्र मागाच, पण ते वेगळ्या कारणासाठी. सायकलीला आरटीओची नोंदणी नसते. चोरीची सायकल हातोहात विकली जाते, आणि घेणाराही अडकतो. आसाच्या खाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो. तो बिलावरच्या नंबराशी जुळवा. बिल नसेल तर साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, नंबर, तारीख, रक्कम लिहून सही घ्या. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका, सायकल कितीही छान असो.

दुसरी सायकल जुलैत मिळाली. विद्यापीठाच्या बाजूला राहणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा, शिक्षण संपवून गावी निघालेला. त्यानं सायकल बाहेर काढली आणि मी फडकं ओलं करायच्या आधीच बोलायला लागला. "मॅडम, चेन संपलीय. मागचं चाक आउट आहे. इथं हा ओरखडा कात्यायनीच्या रस्त्यावर पडलो तेव्हाचा, पण फ्रेमला काही झालेलं नाही, तुम्ही बघून घ्या. टायर बदलावे लागतील." मी पट्टी लावली. चेन खरंच संपली होती, दाते मात्र वाचले होते. मिस्त्री सोबत होते, त्यांनी दहा मिनिटं फ्रेम पाहिली आणि मान हलवली. क्लॅरिसचे गिअर, फ्रेम ४८. लेकीनं विद्यापीठाजवळच्या चढावर एक फेरी मारली आणि परत आली ती काही न बोलता नुसती हसत. १२,००० मागत होता, ११,५०० ला दिली. मूळ बिल, जास्तीचा एक ट्यूब आणि त्या पितळी अडॅप्टरसकट.

माल विकताना त्यातला ऐब सांगून विकावा, हे आपण मदरशात लहानपणी ऐकलेलं असतं. त्या मुलानं ते कुठं ऐकलं मला माहीत नाही. परतताना रिक्षात मला सारखी आठवण येत होती ती लाल सायकलीची. कारण ती अजून आमच्या जिन्याखाली उभी होती.

तिच्यासाठी जूनमध्ये एक गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. आमच्याच मोहल्ल्यातल्या कोणाकडून ऐकून आलेला, अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, नव्यानं कामाला लागलेला. रंगावर खूश. खिशात ६,००० घेऊन आला होता. घरात त्यावर दोन दिवस बोलणं चाललं होतं. आम्हाला फसवलं गेलं, त्याची भरपाई होतेय, असा एक सूर होता. तो कोणाचा ते लिहीत नाही, माझाही त्यात थोडा वाटा होता. सहा हजार ही आमच्या घरात लहान रक्कम नाही. मी त्याला पाणी द्यायला आत गेले आणि बाहेर आले तर लेकीनं सायकल उलटी करून ठेवली होती. मोबाईलचा उजेड टाकून ती त्याला तडा दाखवत होती. तो बराच वेळ बघत राहिला. मग पाणी पिऊन, सलाम करून गेला.

शेवटी सायकल सुटी केली. जवळजवळ नवे होते ते २८ चे टायर दुसऱ्या सायकलीला लावले. चाकं, हँडल, गिअर, सीट असं सगळं मिळून ३,५०० आले. फ्रेम भंगारात तशीच दिली असती तर कोणीतरी पुन्हा रंग मारून उभी केली असती, म्हणून मुलीच्या अब्बांनी ती उद्यमनगरात नेऊन त्याच कारागिराकडून तीन तुकडे करून घेतली. तड्याचा तुकडा माझ्याकडे आहे. वर्गातल्या कपाटात, खडूच्या डब्याशेजारी.

हिशेब असा झाला. दुसऱ्या सायकलीला नवी चेन ८५०, केबल आणि ब्रेकची रबरं ६५०, चाकाचं आउट काढणं आणि बाकी मजुरी ५००. म्हणजे १३,५००. भिशीतले उरलेले ६,००० आणि सुट्या भागांचे ३,५०० त्यात गेले; राहिलेल्यातले २,००० लेकीनं साठवलेल्या ईदीतून दिले आणि २,००० माझ्या पगारातून. पहिल्याचा तोटा धरला तर सायकल एकूण १९,००० ला पडली. सुरुवातीलाच पट्टी आणि फडकं घेऊन गेलो असतो तर नवे टायर धरूनही भिशीच्या पंधरा हजारांत काम होत होतं. हेल्मेट यात धरलेलं नाही. ते नवंच घ्यायचं. पडून आतून चेचलेलं हेल्मेट वरून अगदी शाबूत दिसतं, आणि त्याला लावायला पट्टी नाही.

लेकीच्या खालाजाननी मध्ये एकदा विचारलं, मुलीनं असं वाकून, रस्त्यावरून? लेक पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालते, केस हेल्मेटच्या आत. तिच्या अब्बांनी एवढंच म्हटलं की पहिला महिनाभर मी मागून स्कूटरवर जातो. ते गेलेही. तिसऱ्या आठवड्यात चढावर तिच्या मागं स्कूटर पहिल्या गिअरला घालून कंटाळले आणि घरी झोपू लागले. आता कॉलेजमधल्या दोघी मुली तिच्यासोबत असतात. त्यातली एक माझ्याकडे पट्टी मागायला आली होती, तिलाही जुनी सायकल घ्यायची आहे.

ऑक्टोबरच्या एका रविवारी फजरची नमाज पढून लेक निघाली. मी उपमा करून झाकून ठेवला, परत गरम केला, पुन्हा झाकला. साडेनऊला आली. हेल्मेट काढायच्या आधी म्हणाली, "अम्मी, वाघबीळच्या पुढे एकदाच उतरले. तेसुद्धा म्हशी आडव्या आल्या म्हणून." मोजे चिखलानं भरलेले होते. ते मी बादलीत टाकले आणि हातानंच धुतले. वॉशिंग मशीनची भिशी पुढच्या वर्षी लागेल.